ठळक अक्षरांचा धनी

(द्वितीय वर्ष, कला)

वार्षिक अंकासाठी चरित्र लिहायचे म्हटले की राजे, संत, समाजसुधारक नाहीतर शास्त्रज्ञ यांच्यापैकी एखादे नाव आपल्यासमोर उभे राहते. आपल्या महाविद्यालयाचे जुने अंक मी ग्रंथालयात बसून चाळले, तेव्हा त्यांतही हीच नावे पुन्हा पुन्हा भेटली. ती थोर आहेत यात शंका नाही. परंतु ज्या अक्षरांत या थोरांची चरित्रे छापली गेली, ती अक्षरे घडवणाऱ्यांचे चरित्र मात्र मला कुठे दिसले नाही. म्हणून मी या लेखात रॉबर्ट बेस्ली या इंग्रज गृहस्थाची ओळख करून देणार आहे. आपल्या काळी तो लंडनचा लॉर्ड मेयर म्हणून नावाजला गेला. आज मात्र मुद्रणाच्या जगात त्याचे नाव टिकून आहे ते क्लॅरेंडन नावाच्या एका जाड, ठसठशीत टाइपामुळे.

मला हे नाव कसे सापडले ते आधी सांगते. गेल्या दिवाळीच्या झाडलोटीत माळ्यावरून एक पत्र्याचा डबा खाली काढला. आकाराने लहान, पण हाताला विलक्षण जड. आत शिशाचे पन्नासेक खिळे होते. काही मराठी, काही इंग्रजी. माझे वडील (आम्ही त्यांना अण्णा म्हणतो) तेराव्या वर्षी, सातवीची परीक्षा देऊन, तालुक्याच्या गावी एका छापखान्यात लागले. आधी झाडू मारणे, मग छापून झालेल्या फर्म्याचे खिळे सोडवून केसच्या खणांत परत टाकणे, आणि शेवटी हातात स्टिक घेऊन जुळणी करणे, असा त्यांचा शिक्षणक्रम झाला. २००३ साली छापखान्यात ऑफसेट यंत्र आले आणि सगळे खिळे वजनावर भंगारात गेले. अण्णांनी मालकांकडे मूठभर मागून घेतले. मी तेव्हा जन्मलेही नव्हते.

डब्यातला एक इंग्रजी ‘आर’ मी उचलला. त्याच्या दोन्ही पायांना जाड, चौकोनी पट्ट्या होत्या. जणू अक्षराने पायात काही घातले आहे. अण्णा हसून म्हणाले की छापखान्यात या टाइपाला आम्ही पायताणवाला म्हणत होतो. अण्णांना इंग्रजी येत नाही. तरीही वीस वर्षे त्यांनी इंग्रजी व्हिजिटिंग कार्डे, नोटिसा आणि प्रमाणपत्रे जुळवली, आणि तीही उलटी वाचून. त्यांना मजकूर कळत नव्हता, पण अक्षरे कळत होती. नाजूक पायांच्या टाइपाचे पाय ट्रेडल मशीनवर काही हजार कागद निघाले की झिजत, तुटत. पायताणवाला मात्र तसाच उभा राही, हे त्यांनी मला सांगितले. तो खिळा मी आमच्या इंग्रजीच्या सरांना दाखवला. त्यांनी तो क्लॅरेंडनच्या घराण्यातला असल्याचे सांगितले आणि मुद्रणाच्या इतिहासावरचे पुस्तक हातात दिले. त्या पुस्तकातून मी बेस्लीपर्यंत पोहोचले.

बेस्लीचा जन्म १७९४ साली इंग्लंडच्या नैर्ऋत्येस डेव्हन परगण्यातील एक्सेटर या गावी झाला. त्याची कर्मभूमी मात्र लंडन. तो तेथे नावारूपाला येण्यापूर्वी त्या शहराच्या भिंतींवर अक्षरांचे एक मोठे स्थित्यंतर घडून गेले होते. ते समजून घेतल्याशिवाय बेस्लीचे काम समजणार नाही.

अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत टाइप म्हणजे पुस्तकाचा टाइप. तो हातभर अंतरावरून शांतपणे वाचायचा असे. त्यामुळे त्याला अंगाने जाड असण्याची गरज नव्हती. परंतु औद्योगिक क्रांतीने बाजार वाढवला आणि बाजाराने जाहिरात वाढवली. नाटके, घोडागाड्यांच्या वेळा, औषधे, लिलाव, सरकारी सोडती यांची पत्रके रस्त्यावरच्या भिंतींवर एकमेकांना खेटून लागू लागली. चालता माणूस थांबला पाहिजे, तर अक्षराने आवाज चढवला पाहिजे. लंडनच्या रॉबर्ट थॉर्न या टाइप ओतणाऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पुस्तकी अक्षरालाच फुगवून अतिशय लठ्ठ केले. त्याच्या उभ्या रेघा खांबासारख्या, पण टोके केसासारखी बारीक. पुढे व्हिन्सेंट फिगिन्स या दुसऱ्या कारखानदाराने आपल्या नमुनापुस्तकात आणखी वेगळे अक्षर दाखवले. त्या पुस्तकावर १८१५ हे साल आहे. या अक्षरात उभ्या-आडव्या रेघा जवळजवळ सारख्याच जाड होत्या, आणि रेघांच्या टोकांना बारीक काटे नसून ठोकळ्यासारख्या जाड पट्ट्या होत्या. टोकाच्या या पट्टीला इंग्रजीत सेरिफ म्हणतात, आणि ठोकळ्यासारख्या सेरिफाला स्लॅब सेरिफ. फिगिन्सने आपल्या टाइपाला अँटिक असे नाव दिले. पण लोकांच्या तोंडी बसले ते इजिप्शियन हे नाव. नेपोलियनच्या १७९८ च्या स्वारीनंतर युरोपात इजिप्तचे वेड पसरले होते. जे जे जड, भव्य आणि नवे ते ते इजिप्शियन म्हणण्याची पद्धत होती. पिरॅमिडच्या देशाशी या अक्षरांचा प्रत्यक्ष संबंध काही नाही.

थॉर्नचा कारखाना लंडनच्या अल्डर्सगेट भागात फॅन स्ट्रीट या रस्त्यावर होता. थॉर्न १८२० साली वारला आणि कारखाना विक्रीला निघाला. तो विकत घेतला विल्यम थॉरोगुड याने. थॉरोगुडला या धंद्याचा पूर्वानुभव नव्हता. सोडतीत लागलेल्या पैशातून त्याने हा कारखाना घेतला असे सांगतात. यात एक गंमत आहे. सोडतीची पत्रके हेच या लठ्ठ टाइपांचे मोठे गिऱ्हाईक होते. म्हणजे सोडतीसाठी ओतलेली अक्षरे सोडतीच्याच पैशाने विकत घेतली गेली. इंग्लंडमधील जुनी सरकारी सोडत १८२६ साली बंद झाली. त्याच १८२६ मध्ये रॉबर्ट बेस्ली फॅन स्ट्रीटच्या कारखान्यात आला. तो तेव्हा बत्तीस वर्षांचा होता.

बेस्लीने तेथे मालकाचा विश्वास संपादन केला आणि पुढे तो थॉरोगुडचा भागीदार झाला. मधल्या काळात, १८२८ साली, कारखान्याने एडमंड फ्राय याची प्रसिद्ध टाइपशाळा विकत घेतली. ग्रीक, हिब्रू आदी परक्या लिप्यांच्या टाइपांबद्दल तिची ख्याती होती. अशा रीतीने फॅन स्ट्रीटच्या कपाटांत जुन्या-नव्या, देशी-परदेशी अक्षरांचा मोठा साठा जमला. १८४९ साली थॉरोगुड निवृत्त झाल्यावर कारखान्यावर बेस्लीच्या नावाची पाटी लागली.

परंतु ज्या कामामुळे बेस्ली अमर झाला ते त्याआधी चार वर्षे, १८४५ साली घडले. त्या वर्षी कारखान्याने क्लॅरेंडन हा टाइप बाजारात आणला. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या क्लॅरेंडन छापखान्यावरून हे नाव पडले असे मानले जाते.

क्लॅरेंडनमध्ये नवे काय होते? जाड टाइप तर त्यापूर्वी तीस वर्षे भिंतींवर होतेच. नवेपण त्याच्या उपयोगात आहे, आणि ते समजण्यासाठी मी आपल्याच ग्रंथालयातला शब्दकोश उघडला. कोणताही शब्दकोश घ्या. प्रत्येक नोंदीचा मूळ शब्द जाड ठशात असतो आणि अर्थ साध्या टाइपात. डोळा पानावरून घसरत जातो आणि हवा तो शब्द गाठून थांबतो. आपल्याला हे इतके स्वाभाविक वाटते की, कोणीतरी ही सोय प्रथम करून दिली असेल असे मनातही येत नाही. जुने इंग्रजी मुद्रक एखाद्या शब्दावर जोर देण्यासाठी तिरपा टाइप, मोठी अक्षरे किंवा जुन्या वळणाचा काळा टाइप वापरत. इजिप्शियन टाइप ओळीत घातला तर तो शेजारच्या शब्दांना चिरडून टाकी; म्हशींच्या कळपात बकरीची करडे सापडावीत तसे ते पान दिसे. बेस्लीच्या क्लॅरेंडनने नेमका मधला मार्ग काढला. अक्षर जाड, पण अंगाने आटोपशीर आणि थोडे चिंचोळे. जाड आणि बारीक रेघांत फरक आहे, पण बारीक रेघही पुरेशी दणकट. पायाची पट्टी ठोकळ्यासारखी जाड, पण ती उभ्या खांबाला काटकोनात न चिकटता छोट्याशा बाकातून मिळालेली. जसा झाडाचा बुंधा जमिनीपाशी हळूहळू रुंदावतो तसा. अक्षराच्या शेपट्यांना आणि कानांना गोल थेंब. अण्णांच्या डब्यातला ‘आर’ मी भिंगाखाली पाहिला तेव्हा त्याच्या पायाशी मला हाच बाक दिसला.

बेस्ली धंद्याच्या जाहिरातीत हेच गुण सांगत असे. हा टाइप पत्रकात किंवा मुखपृष्ठावर एखादी ओळ उठावदार करतो, पण बाकीच्या ओळींना दाबून टाकत नाही. इजिप्शियनचा बेढबपणा त्यात नाही, आणि यंत्राखाली झिजून जाड झालेल्या साध्या टाइपासारखाही तो दिसत नाही, असा त्याचा दावा होता. धंदेवाईकाचे बोल म्हणून आपण त्यातले थोडे वजा करू. पण अक्षराला जाडी असूनही शेजारधर्म पाळता आला पाहिजे, हा विचार त्यात आहे, आणि तो माझ्या मते फार मोलाचा आहे.

येथे एक गोष्ट मला स्पष्टपणे लिहिली पाहिजे. क्लॅरेंडन हा बेस्लीचा टाइप म्हणून ओळखला जात असला, तरी तो पोलादात कोरला तो बेंजामिन फॉक्स या कारागिराने. टाइप घडण्याची रीत अशी होती: पोलादाच्या छोट्या कांबीच्या टोकावर अक्षर उलटे आणि उठावाचे कोरायचे. त्याला पंच म्हणतात. कोरताना मधूनमधून ते दिव्याच्या काजळीवर धरून कागदावर ठसा घ्यायचा, आणि रेघ केसभर जाड वाटली तर कानशीने पुन्हा घासायची. मनासारखे झाले की पोलादाला पाणी द्यायचे. मग तो पंच तांब्याच्या तुकड्यावर ठोकला की अक्षराची खोलगट मातृका तयार होते. ती साच्यात बसवून त्यावर शिसे, अँटिमनी आणि कथील यांचा तापलेला रस ओतला की एक खिळा निघतो. एका पंचापासून मातृका, एका मातृकेपासून हजारो खिळे, आणि त्या खिळ्यांपासून लाखो छापील कागद. या सगळ्या वंशाचे मूळ म्हणजे एका माणसाच्या बोटांतली ती कानस. मोठी अक्षरे, छोटी अक्षरे, आकडे आणि विरामचिन्हे मिळून एका आकाराच्या टाइपासाठी असे किती पंच लागत असतील याचा विचार करावा. आणि प्रत्येक लहान-मोठ्या आकारासाठी पुन्हा पहिल्यापासून कोरायचे.

हे सारे मी अण्णांना वाचून दाखवले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि फॉक्सला काय मिळाले एवढेच विचारले. त्या प्रश्नाकडे मी शेवटी येते.

बेस्लीने क्लॅरेंडनच्या बाबतीत आणखी एक गोष्ट केली. इंग्लंडमध्ये १८४२ साली शोभेच्या नक्षीकामाला संरक्षण देणारा कायदा झाला होता. त्या कायद्याखाली त्याने १८४५ मध्ये आपल्या टाइपाची नोंदणी केली. अक्षराच्या वळणावर कायद्याने हक्क सांगण्याची ही पहिली वेळ मानली जाते. संरक्षण मिळाले ते तीन वर्षांचे. ती मुदत संपताच इतर कारखान्यांनी क्लॅरेंडनच्या धर्तीचे टाइप ओतायला सुरुवात केली, आणि काही वर्षांतच क्लॅरेंडन हे एका टाइपाचे नाव न राहता एका जातीचे नाव होऊन बसले.

यावर न्याय कसा करावा? परीक्षेच्या आधी आपल्या वहीवरून अर्धा वर्ग उत्तरे उतरवून घेतो आणि आपल्यापेक्षा जास्त गुण मिळवतो, तेव्हा जे वाटते ते बेस्लीलाही वाटले असणार. त्याच्या कारखान्याने पैसा ओतला होता, फॉक्सने डोळे शिणवले होते. परंतु दुसरी बाजूही आहे. थॉर्नने अक्षर लठ्ठ केले नसते, फिगिन्सने त्याला ठोकळ्याचे पाय दिले नसते, तर क्लॅरेंडन कोठून आला असता? आणि त्या सर्वांच्या मागे असलेले रोमन अक्षर तर कोणाच्याच मालकीचे नव्हते. अक्षर हे पाणवठ्यासारखे आहे. आपण घाट बांधू शकतो, पाण्यावर नाव कोरू शकत नाही. तीन वर्षांचा हक्क आणि नंतर सर्वांना मोकळीक, हा त्या कायद्याचा हिशेब मला तरी अगदीच चुकीचा वाटत नाही.

मोकळीक मिळाल्यावर या अक्षरांनी जो प्रवास केला तो थक्क करणारा आहे. अमेरिकेत डेरियस वेल्स याने १८२७ च्या सुमारास यंत्राने लाकडी टाइप कापण्याची युक्ती काढली होती. शिशाचे फार मोठे अक्षर जड होते आणि ओतताना बिघडते. लाकडाचे हलके आणि स्वस्त. त्यामुळे जाड पायांची अक्षरे तिकडे वितीवितीची झाली. सर्कशीचे फलक, नाटकांच्या जाहिराती, फरारी गुन्हेगारांना पकडून देणाऱ्यास बक्षीस जाहीर करणारी पत्रके यांवर ती दिसू लागली. काहींचे तर पाय अंगापेक्षा जाड केले गेले. आपण इंग्रजी चित्रपटांत घोड्यांवरच्या बंदूकवाल्यांच्या गावात जे फलक पाहतो, त्यांतल्या अक्षरांचे कूळ हेच. पहिल्या महायुद्धात जर्मन सरकारच्या जाहीरनाम्यांतही क्लॅरेंडन वळणाचा टाइप वापरला गेला. सर्कशीचा आनंद आणि सरकारी धाक, दोन्ही एकाच अक्षराने सांगावे ही विचार करण्यासारखी गोष्ट आहे. अक्षर मोठ्याने बोलते. काय बोलायचे ते माणूस ठरवतो.

पण मला याहून महत्त्वाचे वाटतात ते त्याचे शांत उपयोग. ऑक्सफर्डच्या इंग्रजी भाषेच्या मोठ्या शब्दकोशाचा पहिला भाग १८८४ साली निघाला. त्यात मूळ शब्दांसाठी क्लॅरेंडन टाइप वापरला आहे. ज्या छापखान्याच्या नावावरून टाइपाचे नाव पडले, त्याच छापखान्याच्या सर्वांत मोठ्या कामात तो असा रुजू झाला. पुढे १९२५ साली लायनोटाइप कंपनीने वर्तमानपत्रांसाठी काढलेला आयोनिक नंबर पाच हा टाइपही याच घराण्याचा. वर्तमानपत्राचा कागद हलका, शाई पसरणारी, यंत्राचा वेग प्रचंड. तेथे नाजूक टाइपाचा निभाव लागत नाही. दणकट पायांचे अक्षर टिकते, हा अण्णांचा ट्रेडलवरचा अनुभव आणि त्या मोठ्या कंपनीचा अनुभव एकच निघाला, याचे मला फार कौतुक वाटले. १९५३ साली हेर्मान आयडेनबेंझ याने स्वित्झर्लंडच्या हास कारखान्यासाठी क्लॅरेंडनला नवे रूप दिले. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांतील रस्त्यांच्या पाट्यांवरही कित्येक वर्षे क्लॅरेंडन वळणाचीच अक्षरे होती. आज संगणकावर टाइप निवडताना यादीत क्लॅरेंडन किंवा त्याचा एखादा भाऊबंद सापडतोच.

बेस्ली १८६१ साली धंद्यातून निवृत्त झाला. पण स्वस्थ बसणे त्याच्या स्वभावात नसावे. लंडनचा जुना गाभा म्हणजे सुमारे एक चौरस मैलाचे स्वतंत्र शहर. त्याचा कारभार आल्डरमन आणि त्यांच्यातून दर वर्षी निवडला जाणारा लॉर्ड मेयर पाहतात. बेस्ली आपल्याच अल्डर्सगेट विभागाचा आल्डरमन झाला, शेरीफ झाला, आणि १८६९ साली, वयाच्या पंच्याहत्तरीत, लॉर्ड मेयर झाला. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे नव्या लॉर्ड मेयरची मिरवणूक ९ नोव्हेंबरला निघत असे. ज्या रस्त्यांच्या भिंतींवर गेली चाळीस वर्षे त्याच्या कारखान्याची अक्षरे ओरडत होती, त्याच रस्त्यांवरून तो सोनेरी गाडीत बसून गेला. मिरवणूक पाहायला उभ्या असलेल्या किती लोकांना माहीत असेल की त्यांच्या पाठीमागच्या भिंतीवरची नाटकाची जाहिरात या म्हाताऱ्याच्या कारखान्यातून आली आहे? १८७६ साली बेस्लीचे निधन झाले.

१८६९ हे साल आपल्यालाही परके नाही. त्याच वर्षी मुंबईत जावजी दादाजी यांनी निर्णयसागर छापखाना सुरू केला. गरीब घरातल्या या मुलाने अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टाइप घासण्याच्या कामापासून सुरुवात केली आणि पुढे देवनागरीचे असे टाइप ओतले की संस्कृत ग्रंथांच्या सुबक छपाईसाठी निर्णयसागरचे नाव देशभर झाले. बेस्ली आणि जावजी यांची गाठ पडल्याचा पुरावा नाही, आणि देवनागरीला पायाची पट्टी नसते. आपली पट्टी डोक्यावर असते. पण एक साम्य मनाला लागते. निर्णयसागरच्या त्या देखण्या अक्षरांचे पंच कोरले ते राणोजी रावजी आरू यांनी. तेथेही पाटीवर एक नाव आणि पोलादावर दुसऱ्याचा हात. जावजींचे नाव आपण अभ्यासक्रमाच्या पुस्तकात कधीतरी वाचतो. आरूंचे नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकले आहे?

आता अण्णांच्या प्रश्नाकडे येते. फॉक्सला काय मिळाले? १८४९ नंतर बेस्लीने फॉक्सला भागीदार करून घेतले. बेस्ली निवृत्त झाल्यावर चार्ल्स रीड हा नवा भागीदार आला आणि कारखान्याचे नाव रीड आणि फॉक्स असे झाले. म्हणजे ज्याने कानस चालवली त्याचे नाव अखेर पाटीवर लागले. (याच रीडचा मुलगा टॅल्बट बेन्स रीड याने १८८७ साली इंग्रजी टाइपशाळांचा इतिहास लिहिला, त्यामुळेच या लोकांची आठवण राहिली.) हे सांगितल्यावर अण्णांना बरे वाटलेले दिसले. पाटीवर नाव आले म्हणजे झाले, असे ते म्हणाले आणि खिळे डब्यात भरू लागले.

माझे मात्र तेवढ्याने झाले नाही. आपल्या महाविद्यालयाचे १९९० नंतरचे काही वार्षिक अंक अण्णांच्याच छापखान्यात जुळवले गेले होते, हे मला त्या दिवशी कळले. मी ग्रंथालयातून ते अंक काढले. शेवटच्या पानावर मुद्रक म्हणून मालकांचे नाव, संपादक मंडळात प्राध्यापकांची आणि विद्यार्थ्यांची नावे. जुळाऱ्याचे नाव कुठेच नव्हते, आणि ते देण्याचा प्रघातही नव्हता. त्यात कोणाचा दोष नाही. एक अंक मी घरी नेऊन अण्णांच्या हातात दिला. अण्णा आता खतांच्या दुकानात काम करतात. त्यांनी हात धुतले, अंक घेतला, मजकूर वाचला नाही. पाने उलटत थेट मधल्या एका पानावर थांबले आणि एका ओळीवर बोट ठेवले. तिथे एक ‘न’ उलटा बसला होता. प्रूफ तपासणाऱ्याच्या नजरेतून सुटलेला, पंचवीस वर्षांपूर्वीचा उलटा ‘न’. तो त्यांना पान क्रमांकासकट पाठ होता. बाकी शे-दीडशे पाने निर्दोष होती, त्यांबद्दल ते काही बोलले नाहीत.

या लेखात तुमचे नाव घालू का, असे मी विचारले. त्यांनी नको म्हटले. म्हणून ते येथे नाही. पण पुढच्या वेळी आपण एखादे जुने पुस्तक किंवा जुना अंक हातात घ्याल आणि जाड ठशातला एखादा शब्द डोळ्यांना थांबवेल, तेव्हा क्षणभर थांबा. त्या शब्दावर लेखकाचा हक्क आहे, प्रकाशकाचा आहे, टाइपाच्या मालकाचा आहे. आणि तो ज्याने पोलादात कोरला आणि ज्याने केसमधून उचलून ओळीत उभा केला, त्या दोघांचाही आहे. रॉबर्ट बेस्लीचे चरित्र लिहायला बसले तेव्हा मला एका मोठ्या माणसाची गोष्ट सांगायची होती. ती मी सांगितली आहे. तो ‘आर’ आता माझ्या अभ्यासाच्या टेबलावर उभा आहे. त्याचे पाय जाड असल्यामुळे तो पडत नाही.